ओला कपडा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नका : डीएनए तपासणीवर वाचकांचे प्रश्न

डीएनए तपासणीविषयी येणाऱ्या पत्रांतला गोंधळ बहुतेक वेळा तोच असतो. मालिकेत पाहिलेलं, कुणा ओळखीच्याने छातीठोकपणे सांगितलेलं आणि जाहिरातीत वाचलेलं असं सगळं एकत्र होतं आणि त्यातून प्रश्न तयार होतो. म्हणून या वेळी लेख न लिहिता प्रश्नांनाच उत्तरं देते आहे. पत्रांतले ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. ज्यांची प्रकरणं न्यायालयात आहेत त्यांनी ही उत्तरं वकिलाच्या सल्ल्याच्या जागी वापरू नयेत. मूळ अहवाल पाहिल्याशिवाय कुठल्याही प्रकरणावर मत देता येत नाही, आणि मी ते देणार नाही.

प्रश्न : घटनास्थळी एकच केस सापडला तरी त्यावरून माणूस ओळखता येतो, हे खरं ना?

केसाला मूळ असेल तर बहुधा येतो. ओढला गेलेला केस मुळाशी पेशी घेऊन निघतो आणि त्या पेशींच्या केंद्रातला डीएनए आपल्याला हवा असतो. आपोआप गळलेल्या केसाला तो लाभ नाही. मग केसाच्या दांड्यातून मायटोकॉन्ड्रियल डीएनए, म्हणजे पेशीच्या केंद्राबाहेरचा डीएनए, काढतात. हा फक्त आईकडून येतो, त्यामुळे आई, तिची सगळी मुलं, मावशी आणि मावशीची मुलं या सगळ्यांचा सारखाच निघतो. त्यावरून एखाद्याला वगळता येतं, एकट्याला निवडून काढता येत नाही. बिनमुळाच्या केसातले केंद्रातल्या डीएनएचे बारीक तुकडे वाचण्याचं तंत्र आता आलं आहे, पण ते मोजक्या प्रयोगशाळांकडेच आहे.

सूक्ष्मदर्शकाखाली दोन केस शेजारी ठेवून ‘सारखे दिसतात’ असं सांगणं हा वेगळा प्रकार. त्यावर विसंबून अनेकांना शिक्षा झाल्या. जुन्या प्रकरणांची फेरतपासणी केल्यावर, तपासलेल्यांपैकी किमान ९० टक्के प्रकरणांत आपल्या तज्ज्ञांची साक्ष सदोष होती, हे अमेरिकेच्या एफबीआयने २०१५ मध्ये मान्य केलं. तेव्हा ‘केस जुळला’ असं कुणी म्हणालं, तर कोणत्या पद्धतीने जुळला, हे आधी विचारा.

प्रश्न : रक्त चढवल्यावर माणसाचा डीएनए बदलतो का?

नाही. अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालं असेल तर मात्र रक्तात दात्याचा डीएनए दिसतो आणि गालाच्या आतल्या नमुन्यात दोघांचं मिश्रण येऊ शकतं, म्हणून नमुना देताना हे सांगायलाच हवं.

प्रश्न : अहवालात ‘असा प्रोफाइल दहा लाखांत एकाचा’ असं लिहिलं आहे. म्हणजे आरोपी निर्दोष असण्याची शक्यता दहा लाखांत एक, बरोबर?

बरोबर नाही. ही चूक वकील करतात, पत्रकार करतात, कधी कधी न्यायालयातही होते.

आधी तपासलं काय जातं ते पाहू. आपल्या जीनोममध्ये, म्हणजे डीएनएच्या संपूर्ण संचात, सुमारे ३०० कोटी अक्षरं आहेत. नेहमीच्या गुन्हे तपासणीत ती सगळी कुणी वाचत नाही. ठरावीक जागा घेतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय डेटाबेसमध्ये पूर्वी अशा १३ होत्या, २०१७ पासून २० आहेत. त्या प्रत्येक जागी डीएनएचा एक छोटा तुकडा, बहुतेकदा चार अक्षरांचा, पुन्हा पुन्हा येतो. तो किती वेळा येतो ते मोजायचं. प्रत्येक जागी दोन आकडे मिळतात, एक आईकडचा आणि एक वडिलांकडचा. समजा एका जागी १४ आणि १७, दुसरीकडे ९ आणि ९. या आकड्यांची रांग म्हणजे प्रोफाइल. सगळ्या जागा नीट वाचता आल्या तर तीच रांग दुसऱ्या परक्या माणसात आढळण्याची शक्यता इतकी कमी होते की पृथ्वीची लोकसंख्या अपुरी पडावी.

तुमच्या अहवालात मात्र ‘दहा लाखांत एक’ आहे. म्हणजे प्रोफाइल बहुधा अर्धवट आहे, काही जागा वाचताच आलेल्या नाहीत. आता एक कोटी लोकांचा प्रदेश घ्या. दहा लाखांत एक या हिशेबाने तिथे असे सुमारे दहा जण निघतील. बाकी कोणताही पुरावा नसेल तर तुमचा आरोपी त्या दहांतला एक, एवढंच हा आकडा सांगतो. त्याच्याविरुद्ध वेगळे, स्वतंत्र पुरावे आधीपासून असतील तर तोच आकडा फार वजनदार ठरतो. नुसता डेटाबेस चाळून तो सापडला असेल तर अधिक सावध राहायला हवं. शिवाय हा हिशेब परक्या माणसांचा असतो. सख्ख्या भावाचा प्रोफाइल जुळण्याची शक्यता त्याहून कितीतरी जास्त, आणि अर्धवट प्रोफाइलमध्ये तर हा मुद्दा टाळताच येत नाही. भाऊ संशयाच्या कक्षेत येऊ शकत असेल तर त्याचा नमुना तपासला का, हे वकिलाकरवी विचारा.

प्रश्न : हल्ल्यानंतर भावाचे रक्ताने भिजलेले कपडे आम्ही प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घट्ट गाठ मारून ठेवले. आठ दिवसांनी ते तपासासाठी गेले. ‘पुरेसा डीएनए मिळाला नाही’ असा अहवाल आला. विज्ञान इतकं पुढे गेलंय म्हणतात, मग हे कसं?

विज्ञान पुढे गेलं आहे. पण ते नमुना प्रयोगशाळेत पोचल्यावर कामाला लागतं. त्याआधीचे आठ दिवस तुमच्या पिशवीत गेले.

तुमचा दोष काढायचा नाही. तुम्ही काळजीनेच ठेवलं, आणि ज्यांना हे काम शिकवलेलं असतं त्यांच्याकडूनही अशाच पिशव्या येतात, म्हणून सविस्तर लिहिते. अशी पिशवी उघडली की आधी वास येतो. आतल्या बाजूला पाण्याचे थेंब धरलेले असतात. लाल असायला हवा तो डाग हिरवट काळा झालेला असतो, त्यावर बुरशीची पांढरी लव असते. कापड घडी घालून ठेवलेलं असेल तर पुढच्या बाजूचा डाग मागच्या बाजूला, बाहीवर, खिशावर उमटलेला असतो. म्हणजे मूळ डाग कुठे होता, शिंतोडे कोणत्या दिशेने उडाले होते, हेही गेलं.

आत घडतं ते असं. ओलावा बाहेर जाऊ शकत नाही, ऊब असते, रक्त हे जिवाणूंचं उत्तम खाद्य. जिवाणू वाढतात, त्यांची विकरं (एन्झाइम) आणि मेलेल्या पेशींमधली विकरं मिळून डीएनएचे धागे तोडत राहतात. आम्ही मोजतो ते तुकडे साधारण १०० ते ४५० अक्षरांचे. धागे तुटले की आधी लांब तुकडे नाहीसे होतात. यंत्राच्या आलेखात ते उघड दिसतं : डावीकडची, छोट्या तुकड्यांची शिखरं उंच, मग उजवीकडे जाताना उतरत उतरत शेवटी सपाट रेघ. त्यातून कधी निम्म्या जागा मिळतात, कधी चार, कधी एकही नाही. पीसीआरने डीएनएच्या असंख्य प्रती काढता येतात हे खरं, पण प्रत काढायला अखंड तुकडा लागतो. तुटलेल्याची प्रत निघत नाही.

कोरडा डाग मात्र विलक्षण चिवट असतो. सावलीत वाळलेला आणि कागदात ठेवलेला रक्ताचा किंवा वीर्याचा डाग कित्येक वर्षांनी, काही प्रकरणांत दशकांनीही प्रोफाइल देतो. म्हणून नियम सोपा आहे. सगळ्यात उत्तम म्हणजे वस्तूला हात न लावणं आणि तपास अधिकाऱ्यांना बोलावणं. तशी वेळच आली की तुम्हाला ठेवणं भाग आहे, तर हातमोजे घालून, तोंडावर मास्क लावून, कपडा स्वच्छ कागदावर सावलीत पसरून वाळू द्या. उन्हात नाही, इस्त्री नाही, केस वाळवायचं यंत्र नाही. वाळल्यावर डागावर डाग येणार नाही अशी मध्ये कोरी कागदं घालून कागदी पाकिटात ठेवा. प्रत्येक वस्तूला वेगळं पाकीट. बंद करून त्यावर काय, कुठून, केव्हा, कुणी ठेवलं ते लिहा आणि सही करा. मग ते त्याच दिवशी द्या. ‘उद्या बघू’ हा वाक्प्रचार माझ्या कामात जितकं नुकसान करतो तितकं कुठलाही हुशार गुन्हेगार करत नाही.

शवविच्छेदनाच्या वेळचंही सांगून टाकते, कारण यावरही पत्रं येतात. ऊतींचा तुकडा सवयीने फॉर्मलिनमध्ये, म्हणजे ऊती टिकवणाऱ्या द्रावणात, टाकला जातो. सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीसाठी ते योग्यच आहे, पण फॉर्मलिन डीएनएला प्रथिनांशी जखडून टाकतं आणि त्याचे तुकडे करतं. डीएनएसाठी वेगळा तुकडा फॉर्मलिनशिवाय, गोठवून ठेवावा लागतो. कुजलेल्या किंवा जळालेल्या देहात दात, मांडीचं हाड आणि कानाच्या आतल्या भागाभोवतीचं टणक हाड हे आमचे आधार. तेही लवकर पोचले तरच.

आणि जपून गोळा केलेल्या नमुन्यातही दुसऱ्याचाच डीएनए शिरू शकतो. २००७ मध्ये जर्मनीतल्या हाइलब्रॉन शहरात एका महिला पोलीस अधिकाऱ्याचा खून झाला. तिथे सापडलेला एका अनोळखी स्त्रीचा डीएनए जर्मनी, ऑस्ट्रिया आणि फ्रान्समधल्या सुमारे ४० घटनास्थळांशी जुळला. खून, घरफोड्या, चोऱ्या, कशाचा कशाला मेळ नाही. वर्षानुवर्षं त्या स्त्रीचा शोध चालला, मोठं बक्षीस लावलं गेलं. २००९ मध्ये उलगडा झाला : तो डीएनए नमुना घेण्याचे कापसाचे स्वॅब तयार करणाऱ्या कारखान्यातल्या एका कामगार महिलेचा होता. स्वॅब निर्जंतुक केलेले होते. निर्जंतुक केल्याने जंतू मरतात, डीएनए तसाच राहतो. या अनुभवानंतर, २०१६ मध्ये, असं साहित्य मानवी डीएनएपासून मुक्त कसं ठेवायचं यासाठी आयएसओ १८३८५ हे आंतरराष्ट्रीय मानक आलं. इतकी वर्षं, इतक्या तपास यंत्रणा, आणि चूक हातातल्या काडीत.

तुमच्या प्रकरणाचं : सगळं संपलं असं समजू नका. डागाचा दुसरा भाग शिल्लक आहे का, छोट्या तुकड्यांवर चालणारी वेगळी चाचणी करता येईल का, हे वकिलामार्फत प्रयोगशाळेला लेखी विचारा. उरलेला मुद्देमाल आता कसा ठेवला आहे, तेही विचारा.

प्रश्न : डीएनएवरून गुन्हा केव्हा घडला हे कळतं का?

नाही, डीएनए कुणाचा हे कळतं, तो तिथे केव्हा आला हे नाही.

प्रश्न : मुलगा माझाच आहे का याची शंका आहे. पत्नीला न सांगता घरच्या घरी करायची चाचणी मागवावी का? ९९.९९ टक्के अचूक असल्याची जाहिरात आहे.

न सांगता करू नका. ज्याचा नमुना आहे त्याच्या, किंवा मूल असेल तर कायदेशीर पालकांच्या संमतीशिवाय डीएनए तपासणं काही देशांत गुन्हा आहे; ब्रिटनमध्ये २००४ च्या मानवी ऊती कायद्याने तो ठरवला आहे. तुमच्या ठिकाणी काय नियम आहे ते आधी वकिलाला विचारा.

आता जाहिरातीबद्दल. डब्यात स्वॅब येतो, तुम्ही घरी नमुना घेता, टपालाने पाठवता. पाकिटात कुणाच्या गालाचा नमुना आहे हे पाहणारं तिथे कुणी नसतं. म्हणून हा अहवाल न्यायालयात चालत नाही, आणि बारीक अक्षरात कंपनीने तसं लिहिलेलंही असतं : ‘केवळ मनःशांतीसाठी’. ठळक अक्षरात ९९.९९ आणि बारीक अक्षरात हे, या मांडणीचा मला मनापासून राग आहे. लोक या कागदावर संसार मोडतात.

त्या ९९.९९ चा अर्थही जाहिरात सांगत नाही. ती परक्या पुरुषाशी केलेली तुलना असते. दुसरा संभाव्य पिता तुमचा सख्खा भाऊ असेल तर गणित बदलतं आणि प्रयोगशाळेला ते आधी सांगावं लागतं. उलट बाजूनेही घाई चालत नाही. एखाद्या जागी वडील आणि मूल यांचा आकडा जुळला नाही तर लगेच ‘पिता नाही’ असं ठरत नाही, कारण पिढीगणिक क्वचित एखादा आकडा आपसूक बदलतो. जबाबदार प्रयोगशाळा अनेक जागी विसंगती दिसल्याखेरीज तसं लिहीत नाही आणि शक्य असेल तर आईचाही नमुना घेते. तुम्हाला खरंच जाणून घ्यायचं असेल तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत, ओळख पटवून, दोघांच्या संमतीने करा. त्याआधी समुपदेशकाला भेटा. मूल किती वर्षांचं आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. त्याच्यावर काय बेतेल याचा विचार अहवाल येण्याआधी व्हायला हवा.

प्रश्न : चाकूच्या मुठीवर माझ्या भावाचा डीएनए मिळाला. तो शपथेवर सांगतो की त्याने चाकूला हातही लावला नाही. खोटं बोलतोय का?

हे अहवालावरून सांगता येत नाही, आणि कुणी सांगत असेल तर त्याच्यापासून सावध राहा.

एका पेशीत साधारण ६.६ पिकोग्रॅम डीएनए असतो. चांगल्या प्रोफाइलसाठी एक नॅनोग्रॅम (१००० पिकोग्रॅम) पुरतो, म्हणजे सुमारे १५० पेशी. आजची यंत्रं त्याहून कमीतही काम करतात. इतक्या पेशी हस्तांदोलनातून, टॉवेलमधून, दाराच्या कडीवरून एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातावर आणि तिथून तिसऱ्या वस्तूवर जाऊ शकतात. कॅलिफोर्नियात २०१२ मध्ये खून झालेल्या एका माणसाच्या नखांवर दुसऱ्या एकाचा डीएनए मिळाला. त्याला अटक झाली, काही महिने तो तुरुंगात राहिला. नंतर निष्पन्न झालं की खुनाच्या वेळी तो दारूच्या नशेत रुग्णालयात दाखल होता. त्याला तिथे नेणारं वैद्यकीय पथकच त्या रात्री पुढे खुनाच्या घटनास्थळी गेलं होतं. डीएनए त्याचाच होता आणि तपासणीही बरोबर होती. तो तिथे कसा आला, याचा अंदाज तेवढा चुकला.

म्हणून वकिलाला हे प्रश्न विचारायला सांगा. मुठीवर रक्त होतं, लाळ होती की नुसत्या स्पर्शाच्या पेशी? किती डीएनए मिळाला? एकाचा की तिघांचं मिश्रण? मिश्रण असेल तर त्यातला भावाचा वाटा कोणत्या पद्धतीने, कोणत्या संगणक प्रणालीने काढला? वेगळ्या प्रणालीने वेगळे आकडे येऊ शकतात, आणि संख्याशास्त्र कसं मांडलं यावर अहवालाचा सूर बदलतो. यंत्रातून निघालेले मूळ आलेख मागवून घ्या आणि स्वतंत्र तज्ज्ञाला दाखवा. अहवालाच्या शेवटच्या ओळीवर खटला लढू नका.

प्रश्न : जुळ्या भावांचा डीएनए सारखा असतो, मग दोघांपैकी गुन्हेगार कोण हे कधीच कळणार नाही?

एकाच अंड्यातून झालेल्या जुळ्यांचा नेहमीच्या तपासणीतला प्रोफाइल सारखाच येतो. पण गर्भ वाढताना काही बदल एकातच होतात. २०२१ मध्ये आइसलंडच्या संशोधकांनी जुळ्यांचे पूर्ण जीनोम वाचले तेव्हा वाढीच्या अगदी सुरुवातीला झालेले असे सरासरी पाच बदल दोघांत वेगळे निघाले. ते शोधायला पूर्ण जीनोम खोलवर वाचावा लागतो आणि त्यासाठी घटनास्थळाचा नमुना भरपूर आणि चांगला असावा लागतो, जो सहसा नसतो. बोटांचे ठसे मात्र जुळ्यांचेही वेगळे असतात. आधी ते तपासा.

प्रश्न : रक्ताच्या थेंबावरून गुन्हेगाराचा चेहरा काढून देणाऱ्या कंपन्या आहेत म्हणे. मग आमच्या प्रकरणात ते का करत नाहीत?

चेहरा निघत नाही म्हणून. डोळे निळे की गडद तपकिरी हे बऱ्यापैकी सांगता येतं, मधल्या रंगांत अंदाज चुकतो. केसांचा आणि त्वचेचा रंग, पूर्वज साधारण कोणत्या खंडातले, हेही काही प्रमाणात. डीएनएवरच्या रासायनिक खुणांवरून वयाचा अंदाज येतो, साधारण तीन ते पाच वर्षांच्या फरकाने. नाकाची ठेवण, जबड्याची रुंदी, ओठ हे शेकडो जनुकांचं आणि आयुष्याचं मिळून झालेलं काम आहे. त्यावरून काढलेलं रंगीत चित्र माणसासारखं दिसतं खरं, पण ते त्याच माणसासारखं आहे याला आधार नसतो. असं चित्र प्रसिद्ध झालं की त्यासारखा दिसणारा प्रत्येक जण संशयित होतो. मी असं चित्र तपासात आणू नका असाच सल्ला देते.

प्रश्न : पूर्वज शोधायच्या हौसेपोटी मी माझा डीएनए एका संकेतस्थळावर टाकला आहे. पोलीस तो वापरू शकतात का?

तुम्ही कोणत्या अटी मान्य केल्यात आणि तुमच्या देशाचा कायदा काय आहे, यावर अवलंबून आहे.

२०१८ च्या एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियात जोसेफ जेम्स डीअँजेलो याला अटक झाली. १९७० आणि ८० च्या दशकांतल्या खुनांचा आणि बलात्कारांचा तपास तोवर अडलेला होता. जुन्या नमुन्यातून लाखो ठिकाणची एकेक अक्षरं वाचून ती जीईडीमॅच या खुल्या संकेतस्थळावर टाकली गेली. तिथे डीअँजेलो नव्हता, त्याचे दूरचे नातेवाईक होते. त्यांच्यावरून वंशवेल मांडत, जुन्या नोंदी तपासत, वय आणि राहण्याची ठिकाणं ताडून पाहत तपास त्याच्यापर्यंत आला. मग त्याने टाकून दिलेल्या वस्तूंवरून गुपचूप नमुना घेऊन नेहमीच्या पद्धतीने खात्री केली. वंशवेलीने मिळाला तो फक्त धागा. अटकेचा आधार होता तो नंतरचा थेट नमुना. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण वंशवेलीवरून आधी भलत्याच माणसांवर संशय जाऊ शकतो. २०२० मध्ये त्याने गुन्हे कबूल केले.

२०१९ मध्ये जीईडीमॅचने नियम बदलला आणि पोलिसांच्या शोधासाठी सदस्याची स्पष्ट संमती लागू केली. तुमच्या खात्यात ही निवड काय आहे ते आज बघा. आणि हे फक्त तुमच्यापुरतं नाही. सुमारे १२.८ लाख लोकांच्या एका डेटाबेसवर २०१८ मध्ये झालेल्या अभ्यासात युरोपीय वंशाच्या अमेरिकनांपैकी ६० टक्के लोकांचा तिसऱ्या पायरीचा चुलत नातेवाईक (ज्याचे आणि आपले खापरपणजोबा-खापरपणजी एकच) किंवा त्याहून जवळचा कुणीतरी तिथे सापडेल असं दिसलं. ज्यांनी कधीच नमुना दिला नाही तेही यात आले. मला हे तंत्र उपयोगी वाटतं, पण त्याला न्यायालयाची परवानगी, गंभीर गुन्ह्यांची मर्यादा आणि नोंद ठेवण्याचं बंधन हवं. कुटुंबाशी बोला, मग ठेवायचं की काढायचं ते ठरवा.

प्रश्न : तपासासाठी डीएनए द्यायला सांगितलं आहे. दिला तर अडकवतील अशी भीती वाटते. नकार द्यावा का?

वकिलाला विचारल्याशिवाय होकारही देऊ नका आणि नकारही. फक्त एवढं लक्षात ठेवा : गुन्हे तपासात डीएनएचा पहिला उपयोग एका निरपराध मुलाला सोडवण्यासाठी झाला. इंग्लंडमध्ये १९८३ आणि १९८६ मध्ये दोन मुलींचे खून झाले आणि १७ वर्षांच्या एका मुलाने त्यातला एक कबूलही केला होता. लेस्टर विद्यापीठाच्या अ‍ॅलेक जेफ्रीज यांनी १९८४ मध्ये शोधलेल्या तंत्राने दाखवलं की दोन्ही खून एकाच माणसाचे आहेत आणि तो माणूस हा मुलगा नाही. खरा गुन्हेगार कॉलिन पिचफोर्क याने सामूहिक तपासणीच्या वेळी दुसऱ्याला स्वतःच्या नावाने नमुना द्यायला लावला होता. ते उघड झालं आणि १९८८ मध्ये त्याला शिक्षा झाली. नमुना देताना तो कोणत्या प्रकरणासाठी आहे, नंतर किती काळ ठेवणार आणि नष्ट कधी करणार, हे लेखी मागा.

प्रश्न : अत्याचाराला चार दिवस झाले. बहिणीने अंघोळ केली, कपडेही धुतले. आता तपासणीचा उपयोग आहे का? सगळे म्हणतात ७२ तास उलटले.

आहे. आजच तिला घेऊन रुग्णालयात जा. ७२ तासांचा आकडा लोकांनी दारावर कुलूप लावावं तसा वापरायला घेतला आहे, आणि त्यामुळे किती जणी घरीच बसून राहिल्या असतील! आता अनेक ठिकाणच्या मार्गदर्शक सूचना पाच दिवसांपर्यंत, काही सात दिवसांपर्यंत नमुने घ्यायला सांगतात. पुरुषाचं वाय गुणसूत्र वेगळं काढून वाचता येतं, त्यामुळे स्त्रीच्या भरपूर पेशींमध्ये अगदी थोड्या पुरुषी पेशी असल्या तरी शोध लागू शकतो. वीर्यपेशींचं आवरण चिवट असतं. बाकी पेशी आधी विरघळवून त्या वेगळ्या करता येतात. धुतलेल्या कपड्यांवरच्या वीर्याच्या डागांतूनही प्रोफाइल मिळाल्याचं अभ्यासांत दिसलं आहे. तेव्हा ते कपडे टाकू नका, पुन्हा धुऊ नका, कोरडे असतील तसेच कागदी पाकिटात घ्या. अंतर्वस्त्रं, चादर, त्या वेळी वापरलेले टिश्यू कागद, सगळं.

नमुन्यांपलीकडेही जाण्याची कारणं आहेत : जखमांची नोंद, संसर्ग आणि गर्भधारणा टाळणारी औषधं, मानसिक आधार. यातल्या काही औषधांना वेळेचं बंधन डीएनएपेक्षा कडक आहे, आणि काहींची मुदत एव्हाना टळलीही असेल. काय अजून देता येतं हे डॉक्टरच सांगतील. तुम्ही घरी ठरवू नका. आणि काहीच डीएनए मिळाला नाही तरी अत्याचार झाला नाही असं त्यातून सिद्ध होत नाही, हे बहिणीला आधीच सांगून ठेवा.

प्रश्न : वडील एका मोठ्या दुर्घटनेनंतर बेपत्ता आहेत. आम्ही कोणता नमुना द्यावा? मी आणि माझी आत्या दोघीच आहोत.

तुमचा नमुना सर्वात मोलाचा; मूल असल्याने निम्मा वारसा थेट वडिलांचा आहे. तुमची आई असेल तर तिचाही द्या, म्हणजे तुमच्यातला आईकडचा भाग वजा करता येतो. आत्याचाही द्या. ती आणि तुमचे वडील एकाच आईची मुलं असतील तर दोघांचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए सारखा असतो. तुमचा मात्र तुमच्या आईचा आहे, त्यामुळे त्या तपासणीला तुमचा उपयोग नाही. रशियाच्या शेवटच्या झारच्या कुटुंबाचे अवशेष १९९० च्या दशकात ओळखले गेले तेव्हा राणीसाठी ब्रिटनचे प्रिन्स फिलिप यांचं रक्त उपयोगी पडलं, कारण ते तिच्या सख्ख्या बहिणीच्या मुलीचे मुलगे होते. मातृवंशाचा धागा इतक्या लांबवर टिकतो.

वडिलांचा दात घासायचा ब्रश, दाढीचं यंत्र, कंगवा धुऊ नका. फक्त तेच वापरत होते ना, याची खात्री करा आणि प्रत्येक वस्तू वेगळ्या कागदी पाकिटात द्या. त्यांची कधी बायोप्सी झाली असेल तर रुग्णालयात तो नमुना जपलेला असू शकतो. दातांचे एक्स-रे आणि बोटांच्या ठशांची कुठली नोंद असेल तर तीही द्या. २००४ च्या त्सुनामीनंतर थायलंडमध्ये सुरुवातीच्या बहुतेक ओळखी दातांवरूनच पटल्या. हे सगळं अधिकृत ओळख पथकाकडेच सोपवा आणि पावती घ्या. पैसे घेऊन ‘लवकर जुळवून देतो’ म्हणणारे अशा वेळी फिरत असतात. त्यांच्याकडे तुलनेसाठी अवशेषांचे नमुनेच नसतात, तेव्हा त्यांना काहीही देऊ नका.